चंद्रीचं दावं

तळेगाव ढमढेऱ्याच्या आठवडे बाजारात सोजराबाईंना ओळखत नाही असा माणूस सापडणं अवघड आहे. चणीनं एवढ्याशा, मिश्रीनं काळे पडलेले दात, हातात खताच्या गोणीची शिवलेली पिशवी. भाजीपाल्याकडे त्या बघतसुद्धा नसत. दौंड तालुक्यातल्या त्यांच्या वस्तीवरून दोन गाड्या बदलून, भीमा ओलांडून त्या शिरूर तालुक्यात यायच्या ते हरवलेली म्हैस शोधायला. चार वर्षं हेच चाललं. पोरंटोरं लांबूनच विचारायची, "मावशी, घावली का?" त्याही न चिडता सांगायच्या, "घावंल की. जाती कुठं!"

ती म्हैस मेली आहे. मला हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं आणि चार वर्षं मी ते त्यांना सांगितलं नाही.

माझं नाव धम्मदीप. गाव तळेगाव ढमढेरेच. लष्कराच्या इंजिनिअर पलटणीत अठरा वर्षं काढली, हवालदार होऊन निवृत्त झालो, आणि आता कारेगावात राहून एका कंपनीच्या गेटवर सुपरवायझर आहे. येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पिशव्या तपासतो आणि उशिरा आलेल्या पोरांवर खेकसतो. करुणा, माझी बायको, म्हणते की तुमची फौज सुटली, पण ओरडणं सुटलं नाही. तिचं खरं आहे. मी तापट माणूस आहे. बहुतेक वेळा मला ज्याचा राग आलेला असतो, तो माणूस समोर नसतो, आरशात असतो.

त्या वर्षी ऑगस्टात वर घाटात आठ दिवस पाऊस लागून राहिला आणि भीमा पात्र सोडून चालली. नदीकाठच्या वस्त्या एकामागून एक पाण्यात जायला लागल्या. फौज अशा वेळी आपणहून येत नाही. जिल्ह्याहून मागणीचं पत्र जातं, वरून हुकूम निघतो, मग ट्रक हलतात. लोकांना वाटतं फौज म्हणजे काय काय घेऊन येईल. आमच्या तुकडीकडे चार बोटी होत्या, इंजिनं होती, दोरखंड होते, एक डॉक्टर साहेब आणि साठ जवान होते. नेमकं माझ्याच मुलखात काम निघालं म्हणून मी खूश होतो. गावाकडच्या लोकांपुढे वर्दीत उतरायला कुणाला आवडत नाही?

आमचे कॅप्टन साहेब तामिळ मुलखातले, वय जेमतेम सव्वीस. हिंदीसुद्धा ते तोलूनमापून बोलायचे. पहिल्याच फेरीत त्यांच्या लक्षात आलं की लोक बोटीत बसायला तयार नाहीत. घर पडेल याची भीती होती, पण त्याहून जास्त जीव गोठ्यातल्या जनावरांत अडकलेला होता. बोटीत जनावर घ्यायचं नाही, हा आमचा नियम. माणूस म्हणायचा, मग मीही येत नाही. साहेब मला म्हणाले, "हवालदार, आप यहाँ के हो. आप बात करो." तेव्हापासून वल्ह्यापेक्षा माझी जीभच जास्त चालायला लागली.

आणि मला ते जमलं. जमलं म्हणजे मी थापा मारायला लागलो. "सांजच्याला पाणी उतरतंय, आजी." "शेळ्यांसाठी मागनं मोठी बोट येतीय, आप्पा." मोठी बोट कुठली! पण थाप ऐकून माणूस बोटीत बसायचा, आणि एकदा बसला की वाचायचा. दोन दिवसांत आम्ही दीडशेच्या वर माणसं बाहेर काढली, त्यातली निम्मी माझ्या थापांवर. साहेब सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटायचे. मला त्याची लाज वाटत नव्हती. उलट छाती फुगली होती.

सोजराबाई भेटल्या त्या दुसऱ्या दिवशी दुपारी. वस्तीच्या टोकाचं घर त्यांचं. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, घरात एकट्या. अंगणात मांडीइतकं पाणी आणि त्या ओट्यावर खाट टाकून, खाटेवर पाट ठेवून, पाटावर बसलेल्या. बोटीत आधीच आठ माणसं होती, त्यात एक ओली बाळंतीण. इंजिन मधूनच खोकत होतं.

"मावशी, चला," मी म्हणालो.

"चंद्री हाय मागं गोठ्यात," त्या म्हणाल्या. "गाभण हाय. दोन महिनं राह्यल्यात तिचं. तिचं दावं काप, मंग येते. म्हस पाण्याला भीत न्हाई, बाबा. मोकळी केली की आपली ती पवत जाती."

मागणं काही फार नव्हतं. नियमातही बसत होतं. मी त्यांना उचलून बोटीत ठेवलं, म्हणालो, "बसा. मी कापून येतो," आणि चाकू काढून घराच्या मागे निघालो. मागची जमीन उतरती होती. चार पावलांत पाणी कमरेला लागलं, मग छातीला. मध्ये काटेरी तारेचं कुंपण बुडालेलं होतं, त्यात माझ्या लाइफ जॅकेटचा पट्टा अडकला. तो सोडवून वर बघितलं तर समोर दहा-बारा पावलांवर गोठा आणि गोठ्यात चंद्री. काळीभोर, डावं शिंग टोकाला मोडलेलं. पाणी तिच्या मानेपर्यंत आलं होतं आणि दाव्यानं तिला वर होता येत नव्हतं. ती ओरडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती. तेवढ्यात बोटीतून साहेबांची शिट्टी झाली. शिट्टी म्हणजे परत फिरा. मी परत फिरलो.

बोटीत चढलो तशा सोजराबाईंनी विचारलं, "कापलं?"

"कापलं, मावशी."

"कुठं गेली?"

इथं गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण दोन दिवस थापा मारून जिभेला चटक लागली होती. मी हात लांब करून नदीपलीकडे दाखवलं. "त्या अंगाला गेली. शिरूरच्या बाजूला. झकास पवत व्हती."

त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि माझ्या ओल्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "याली की पयला चीक तुझा," त्या म्हणाल्या. "माझ्या हातचा खरवस करून घालीन."

पाणी उतरल्यावर आम्ही त्याच वस्तीवर गाळ काढायला आणि रस्ता मोकळा करायला गेलो. गोठ्यात काय दिसेल ते मला ठाऊक होतं. पण तिथं गोठाच नव्हता. भिंत, पत्रे, खुंटा, गव्हाण, सगळं धुऊन नेलं होतं. मला हायसं वाटलं. मेलेलं जनावर वाहून गेलं याचा आनंद झालेला माणूस तुम्ही पाहिला नसेल, तर तो मी.

पाचव्या दिवशी आमची परतीची बांधाबांध चालली होती आणि शाळेच्या पटांगणात पंचनामे सुरू झाले होते. तलाठी भाऊसाहेब खुर्ची टाकून बसले होते. कुणाचं घर, कुणाच्या शेळ्या, कुणाच्या कोंबड्या, एकेक नाव लिहिलं जात होतं. सोजराबाईंची पाळी आली तेव्हा भाऊसाहेब म्हणाले, "आजी, म्हैस वाहून गेली, मेली, असं लिहितो. अंगठा करा."

"लिवायचं न्हाई!" सोजराबाई कडाडल्या. "जित्या जनावराला मेलं म्हणू? सुटलीय ती. इचारा ह्या फौजीला."

सगळं पटांगण माझ्याकडे बघायला लागलं. साहेबही तिथंच उभे होते. भाऊसाहेबांनी पेन वर धरून विचारलं, "काय हो हवालदार, सोडली होती तुम्ही?"

त्या वेळी एकच शब्द पुरला असता. त्या शब्दानं बाईला सरकारी मदत मिळाली असती, दुसरी म्हैस आली असती. पण समोर साहेब होते, पोरं मोबाइलवर आमचे फोटो काढत होती, बायका आम्हाला ओवाळायला ताट घेऊन उभ्या होत्या. मी म्हणालो, "व्हय. मीच कापलं दावं."

भाऊसाहेबांनी पुढचं नाव पुकारलं. त्यानंतर अर्ध्या तासात आमचे ट्रक निघाले आणि लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहून टाळ्या वाजवत होते. फौज येते, जीव वाचवते आणि निघून जाते. तिचं काम तेवढंच आणि ते चोख असतं. मागं राहिलेल्यांचं पुढं काय झालं हे आमच्यातल्या कुणालाच कळलं नाही. मी मात्र इथलाच, म्हणून मला कळत राहिलं.

निघताना सोजराबाईंनी माझा नंबर एका पोराकडून आपल्या डबडा मोबाइलमध्ये घालून घेतला होता. पुढे मी निवृत्त होऊन कारेगावात आलो, तरी दर बाजाराच्या दिवशी संध्याकाळी फोन ठरलेला. "आज बी न्हाई दिसली रं. आज न्हावऱ्याला गेल्ते." कधी मांडवगण, कधी शिरूर, कधी कुठल्या मळ्यातला गोठा. मी दाखवलेल्या हाताच्या दिशेनं ती बाई गावामागून गाव चाळत होती. एका संस्थेनं पूरग्रस्तांना दुभती जनावरं वाटली, त्यातलं आपल्या वाट्याचं सोजराबाईंनी परत पाठवलं. "माझी हाय की," म्हणाल्या. "ती आल्याव दोघींला कुठं बांधू?"

पोट भरायला त्या कांदे निवडायला जातात, खुरपायला जातात. पण चार वर्षं गोठे पालथे घालून त्यांच्या हाताला वेगळंच यश आलं. कुणाची म्हैस अडली की लोक डॉक्टरच्या आधी सोजराबाईंना फोन करतात. त्या येतात, बाही मागे सारतात, आधी मालकाच्या सात पिढ्या उद्धरतात ("गव्हाण हाय का उकिरडा!") आणि मग रेडकू सुखरूप बाहेर काढतात. मालक खूश होऊन चीक देतो. तो त्या वाटेत कुणालाही देऊन टाकतात. मला मात्र कधी दिला नाही. "त्यो दुसऱ्याच्या म्हशीचा," फोनवर सांगायच्या. "तुझा चंद्रीचा यायचाय अजून."

कधीकधी मात्र त्या चंद्रीवर भडकायच्या. "निमकहराम निघाली बघ! सुटलं जनावर दावणीला येतं. शेजारची कुत्री सुदिक आली परत. हिला एवढं अंगाखांद्याला खेळवलं, आन् हिला घर आठवंना. कुणाच्या पेंडीला भुलली, रांड." मी इकडून हसायचो. काय करणार? म्हणायचो, "जाऊ द्या मावशी, जनावरच ते." फोन ठेवला की गेटवरच्या पहिल्या दिसेल त्या पोरावर ओरडायचो.

करुणाला मी सगळं सांगितलं होतं. ती म्हणाली, "सांगून टाका." मी म्हणालो, सांगतो. असं चार वर्षं म्हणालो.

गेल्या महिन्यात भर दुपारी फोन आला. सोजराबाई ओरडूनच बोलत होत्या. "घावली! तळेगावच्या मळ्यात सोपानराव म्हणून बागाईतदार हाय, त्याच्या गोठ्यात. डावं शिंग मोडकं. त्यो म्हंतोय माझी. तू ये. तूच साक्षीला पायजे. मिलिटरीतल्या माणसाला कोण न्हाई म्हणंल?"

मी रजा टाकून मोटारसायकल काढली. करुणानं डबा हातात देता देता एवढंच म्हटलं, "आज एका निरपराध माणसाला चोर ठरवायला निघालात. ध्यानात ठेवा."

मळ्यात पंधरा-वीस माणसं जमली होती. सोपानराव साठीचे, झेंडूची शेती करणारे, टोपी-धोतरातले सरळ गृहस्थ. रागानं त्यांची हनुवटी हलत होती. "अवो, घरची पैदास हाय ही," ते मला बघताच म्हणाले. "हिच्या आईचं दूध पिऊन माझी नातवंडं मोठी झाली. आन् आज माझ्या दारात मला चोर म्हंत्यात?" कुणीतरी मागून म्हणालं, "पोलीस पाटलाला बोलवा." दुसरा म्हणाला, "थांबा. फौजी सांगंल ते खरं."

सोजराबाई म्हशीजवळ उभ्या होत्या. गोणीच्या पिशवीतून त्यांनी एक नवंकोरं दावं काढलं होतं. अंबाडीच्या वाखाचं, स्वतः वळलेलं. घरी न्यायला लागेल म्हणून दर खेपेला त्या ते बरोबर आणत, हे मला तेव्हा कळलं.

मी म्हशीकडे बघितलं. शिंग मोडकं होतं, पण मुळाशी. अंगानं ठेंगणी, वयानं लहान. ती चंद्री नव्हती. माझी सुटका झाली. "मावशी, ही न्हवं ती," मी म्हणालो. "आपली उंच व्हती. हिचं शिंग निराळं हाय." हे खरंच होतं. एवढ्यावर सोपानराव सुटत होते आणि मीही सुटत होतो.

सोजराबाईंनी म्हशीच्या शिंगावरून, कानावरून, कपाळावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग खाली मान घालून म्हणाल्या, "न्हाई. न्हवं. डोळं गेलं बघ माझं." सोपानरावांपुढे हात जोडले. "चुकलं, दादा. म्हातारी हाय, पोटात घाला."

सोपानरावांचा राग तिथंच उतरला. त्यांनी पाण्याचा तांब्या मागवला. माणसं पांगायला लागली. सोजराबाई दाव्याची नीट गुंडाळी करत होत्या. पिशवीत घालता घालता त्या सोपानरावांना सांगायला लागल्या, "ह्याच काठाला हाय ती, दादा. ह्या फौजीनं डोळ्यानं बघितलीय पवत येताना. आता वरल्या अंगाचं गोठं राह्यल्यात. उंद्यापून तिकडं जाते."

उंद्यापून. मला त्या शब्दाची भीती वाटली. मला दिसलं की ही बाई मरेपर्यंत चालत राहणार, आणि तिला चालायला लावणारा हात माझा आहे.

"मावशी," मी म्हणालो, "मी दावं कापलंच न्हाई."

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली सोपानरावांची सून जागीच थांबली. सोजराबाईंना आधी समजलं नसावं. त्या म्हणाल्या, "आँ?"

"कापलं न्हाई. ती खुंट्यालाच व्हती. मी खोटं बोललो. बोटीत बी आन् पंचनाम्याला बी."

त्या हळूच गव्हाणीच्या कडेला टेकल्या. मला वाटलं शिव्या देतील, चप्पल काढतील. मी तयार होतो, खरं सांगायचं तर वाटच बघत होतो. पण त्यांनी विचारलं, "पाणी कुठवर व्हतं तिच्या?"

"मानंपतुर."

"वरडत व्हती?"

"न्हाई. माझ्याकडं बघत व्हती. मावशी, साहेबांची शिट्टी झाली, म्हणून मी..."

"शिट्टी झाली म्हणून फिरलास?"

त्यांनी सरळ माझ्या तोंडाकडे बघितलं. वर मी शिट्टीचं लिहिलं आहे ते तुम्हीही खरं धरून चालला असाल. मी करुणालाही तसंच सांगितलं होतं. चार वर्षं स्वतःलाही तसंच सांगत होतो.

"न्हाई," मी म्हणालो. "आधी मी फिरलो. शिट्टी मागनं झाली. मी भ्यालो, मावशी. तारंत अडाकलो तवा भ्यालो, आन् मंग पाऊल पुढं पडंना. दहा पावलं राह्यली व्हती."

सोपानरावांनी टोपी काढून हातात घेतली. मी हुंदके देऊन रडत होतो, उरलेल्या माणसांदेखत, आणि ते थांबवायची मला इच्छाही नव्हती. म्हणालो, तलाठ्याकडे येतो, लिहून देतो, म्हैस घेऊन देतो, काय म्हणाल ते करतो. सोजराबाई ऐकत नव्हत्या. त्या सोपानरावांच्या म्हशीला गळ्याखाली खाजवत होत्या आणि म्हैस मान ताणून उभी होती.

"तू भ्यालास त्याचं काय न्हाई," त्या शेवटी म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "पाण्याला कोण भीत न्हाई? आदी मला काढलंस, त्ये बी खरं. पर चार वर्स मी तिला शिव्या घातल्या रं. सुटली आन् घरला आली न्हाई म्हणून. निमकहराम म्हणलं, रांड म्हणलं. आन् ती बिचारी खुंट्याला उभी राहून माझी वाट बघत मेली."

त्यांनी दावं पिशवीतून परत काढलं, सोपानरावांच्या गव्हाणीवर ठेवलं आणि रिकामी पिशवी काखेत मारून जीप मिळते त्या रस्त्याला लागल्या. मी मोटारसायकल सुरू केली आणि थोडं अंतर ठेवून त्यांच्या मागे चालवत राहिलो. मागं बसा, घरी सोडतो, असं म्हणायला तोंड उघडलं नाही.